पत्ता आणि पत



कामगार चळवळीत उभे आयुष्य काढलेला माणूस महाजालाच्या इतिहासावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी कित्येकांस नवल वाटले असेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. संगणकाची पदवी आमच्याजवळ नाही. तरीही हा विषय आम्ही चालकांकडून मागून घेतला. गेली काही वर्षे आम्ही पाहत आहो की, गावातील दुकानदार, शिकवणीवर्ग, पतसंस्था, मंडळे, इतकेच काय पण कामगारांच्या संघटनासुद्धा एका प्रश्नापायी पैसे खर्च करीत आहेत. प्रश्न असा: संकेतस्थळाच्या पत्त्याची जी रचना असते, म्हणजे त्यात कोणते शब्द घातले आहेत, किती तिरक्या रेघा आहेत, मागेपुढे काय आहे, तिच्यामुळे ते स्थळ गूगलसारख्या शोधयंत्रात वर येते काय?

ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आम्ही तसे देणार नाही. ते उत्तर वेळोवेळी बदलत गेलेले आहे, आणि का बदलले हे कळल्यावाचून आजचे उत्तर नुसते ऐकून उपयोग नाही. तेव्हा प्रथम पत्ता म्हणजे काय, तो कोणी कोणासाठी केला, येथून सुरुवात करू.

संगणकाला नाव कळत नाही, आकडा कळतो. मुंबईच्या गिरण्यांत प्रत्येक कामगाराला तिकीट नंबर असे. खात्यात त्याला सखाराम म्हणत, पण पगाराच्या खिडकीवर सखाराम नव्हता, नंबर होता. अमेरिकेत १९६९ साली आर्पानेट नावाचे संगणकांचे पहिले मोठे जाळे सुरू झाले तेव्हा हीच तऱ्हा होती. प्रत्येक यंत्राला आकडा; पण माणसांच्या सोयीसाठी नावही. कोणत्या नावाचा कोणता आकडा, ह्याची एकच एक यादी असे. आमच्या भाषेत मस्टर म्हणा. ते मस्टर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली ठेवले जाई. नवे यंत्र जोडावयाचे तर त्यांच्या कचेरीस कळवावे, तेथे नोंद व्हावी, आणि साऱ्या जाळ्याने ती यादी पुन्हा उतरवून घ्यावी. यंत्रे मोजकी होती तोवर हे निभावले. ती वाढू लागली तसे एका टेबलावरचे मस्टर पुरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्या तज्ज्ञाने, जॉन पोस्टेल यांच्या बरोबरीने, निराळी व्यवस्था मांडली. प्रत्येक शाखेने आपापले मस्टर आपल्याकडे ठेवावे आणि वरच्या कचेरीने फक्त कोणती शाखा कोठे आहे एवढे सांगावे, अशी ती व्यवस्था. व्यापाऱ्यांसाठी 'कॉम', विद्यापीठांसाठी 'एज्यु', सरकारासाठी 'गव्ह', संस्थांसाठी 'ऑर्ग' अशा शाखा १९८४ साली ठरल्या. 'कॉम'मधील पहिली नोंद १५ मार्च १९८५ ची आहे. सिंबॉलिक्स नावाच्या संगणक करणाऱ्या कंपनीची. ह्या साऱ्या खटाटोपात कोण वर आणि कोण खाली हा विचार कोणाच्या मनात नव्हता. टपाल बिनचूक पोचावे एवढाच हेतू.

पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थाने १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली ती जगाला खुली केली. प्रत्येक कागदाला, प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असावा ही त्यांचीच योजना. त्या पत्त्याची घडण पाहण्यासारखी आहे. आपण पाकिटावर आधी माणसाचे नाव लिहितो, मग घर, मग मु. पो., मग तालुका, मग जिल्हा. लहानाकडून मोठ्याकडे जातो. संकेतस्थळाचे नाव असेच चालते. शेवटी 'कॉम' किंवा 'इन' येते तो जिल्हा समजा. पण त्यानंतर पहिली एकेरी तिरकी रेघ आली की क्रम उलटतो. तेथून पुढे मोठा कप्पा, त्यातला लहान कप्पा, त्यातला कागद असे आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो. युनिक्स नावाच्या संगणकप्रणालीत कप्पे असेच लिहिण्याची चाल होती, ती त्यांनी उचलली.

हा दुसरा क्रमही आपल्याला परका नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या टपालखात्याने पिनकोड सुरू केला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. संस्कृतात नाटके लिहिणारे पंडित आणि टपालखात्याचे अधिकारी. त्यांच्या सहा आकड्यांत पहिला आकडा देशाचा मोठा विभाग दाखवतो, महाराष्ट्र आणि गोवे ४ मध्ये येतात, आणि शेवटचे तीन आकडे नेमकी टपालकचेरी दाखवतात. मोठ्याकडून लहानाकडे. तेव्हा संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे मु. पो. ची पद्धत आणि पिनकोडची पद्धत एका रेघेने जोडलेली आहे असे समजावे. बर्नर्स-ली यांनीच पुढे म्हटले की, सारे एका क्रमाने लावले असते तर बरे झाले असते; आणि आरंभीच्या त्या दोन तिरक्या रेघांची तर गरजच नव्हती, हे त्यांनी २००९ साली हसतमुखाने कबूल केले. कोट्यवधी लोक तोवर त्या रेघा ठोकून दमले होते!

ह्याच गृहस्थांनी १९९८ साली पत्त्यांविषयी एक छोटे टिपण लिहिले. त्याचा इत्यर्थ असा की, चांगला पत्ता तो, जो बदलत नाही. आणि म्हणून जे जे पुढे बदलू शकेल ते ते पत्त्यातून वगळावे. लेखकाचे नाव वगळावे, कागद कच्चा की पक्का हे वगळावे, कोणत्या यंत्रप्रकाराने तो केला ते वगळावे, आणि विषयसुद्धा वगळावा. कारण आज ज्या विषयाखाली कागद पडतो त्याच विषयाखाली तो दहा वर्षांनी पडेलच असे नाही. हे ध्यानात ठेवा. त्याच वर्षी, त्याच १९९८ मध्ये, दुसरीकडे नेमकी उलट ओढ सुरू झाली होती.

ती ओढ शोधयंत्रांची. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो ह्या दोघा विद्यार्थ्यांनी याहू सुरू केले. ते शोधयंत्र नव्हते, माणसांनी हाताने लावलेली सूची होती, आणि सूचीत एका विषयाखाली नावे वर्णानुक्रमाने येत. तेव्हा वर येण्याचा उपाय उघड होता. अमेरिकेतल्या टेलिफोनच्या पुस्तकात पहिले नाव आपले यावे म्हणून टॅक्सीवाले आणि नळदुरुस्तीवाले आपल्या धंद्याच्या नावाआधी तीन-तीन 'ए' लावीत. तोच शहाणपणा येथे आला. पत्त्याने क्रम ठरण्याचा हा पहिला, भाबडा अवतार. याहूची ती सूची २०१४ अखेर बंद झाली.

डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल ह्या संगणक कंपनीने आल्टाव्हिस्टा काढले. हे खरे शोधयंत्र; ते पाने स्वतः वाचून त्यांतील शब्दांची अनुक्रमणिका करी. पत्त्यात अमुक शब्द असलेली पाने दाखव, असेही त्याला सांगता येई. त्याची स्वतःची गोष्ट मात्र गमतीची आहे. 'आल्टाव्हिस्टा डॉट कॉम' हे नाव आधीच दुसऱ्या एका लहान कंपनीने घेऊन ठेवले होते, म्हणून ह्या जगप्रसिद्ध शोधयंत्राला डिजिटलच्या नावाखाली बिऱ्हाड करून राहावे लागले. लोक सरळ 'आल्टाव्हिस्टा डॉट कॉम' असे टंकीत आणि भलत्याच दारात जाऊन उभे राहत. शेवटी १९९८ साली, डिजिटल विकत घेतलेल्या कॉम्पॅक कंपनीने तेहतीस लाख डॉलर मोजून ते नाव सोडवून घेतले. सगळ्या जगाला पत्ते शोधून देणाऱ्याचा स्वतःचाच पत्ता लोकांना सापडत नव्हता. आल्टाव्हिस्टाही २०१३ साली मिटले.

आता गूगल. येथे आमच्या प्रश्नाला कागदोपत्री पुरावा मिळतो, म्हणून जरा थांबू. एप्रिल १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे भरलेल्या परिषदेत सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या शोधयंत्राची रचना सांगणारा निबंध मांडला. त्या वेळी त्यांच्याजवळ सुमारे दोन कोटी चाळीस लाख पाने होती. त्यांची मुख्य कल्पना अशी की, एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे ते एक प्रकारचे मत झाले. आणि ज्याला स्वतःला पुष्कळ मते आहेत त्याच्या मताचे वजन जास्त. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पण त्याच निबंधात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती फार थोडे वाचतात. पानावर सापडलेल्या शब्दांचे त्यांनी दोन वर्ग केले होते, साधे आणि खास. मजकुरात कोठेही आलेला शब्द तो साधा. आणि मथळ्यात, दुसऱ्याने दिलेल्या दुव्याच्या शब्दांत, पानाच्या माहितीपट्टीत, आणि पत्त्यात आलेला शब्द तो खास. म्हणजे, श्रोतेहो, पत्त्यातला शब्द मोजला जात होता ह्यात शंका नाही. मालकांनीच ते लिहून ठेवले आहे.

आता कामगार चळवळीतल्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. ज्याचे माप घेतले जाते तेच काम होते. नगावर मजुरी ठरली की नग वाढतात आणि त्यांचा दर्जा घसरतो. हजेरीवर ठरली की फाटकात गर्दी होते आणि सांच्यावर कोणी नसतो. हा कोणा एकाच्या नीतीचा प्रश्न नाही, मापाचा गुण आहे. शोधयंत्राने पत्त्यातला शब्द मोजावयास घेतला आणि बाजाराला ते कळले, तेव्हा पत्त्यांत शब्द भरले जाऊ लागले.

पत्त्यांचा बाजार तर आधीच तापला होता. 'बिझनेस डॉट कॉम' हे एकच नाव १९९९ साली पंचाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. पण ते निदान सुटसुटीत नाव होते. पुढच्या दशकात जे आले ते निराळे. लोक शोधयंत्रात जे शब्द टंकतात तेच जसेच्या तसे जोडून पत्ते घेतले जाऊ लागले. स्वस्त-मोटार-विमा, घरबसल्या-कर्ज, अशा धर्तीची इंग्रजी नावे. मागे ना दुकान, ना माल, ना माणूस. चार ओळींचे पान आणि जाहिरात. आणि ती पाने वर येत. त्याचे कारण नुसते पत्त्याचे वजन नव्हते. स्थळाचे नावच 'स्वस्त मोटार विमा' असले म्हणजे कोणीही त्याचा उल्लेख केला की ते तीन शब्द आपोआप दुव्यात येतात, आणि दुव्यातले शब्द तर खासच मोजले जात. एकाच दगडात दोन पक्षी.

गूगलला हे दिसत नव्हते असे नाही. २८ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांचे अधिकारी मॅट कट्स यांनी जाहीर केले की, शोधाच्या शब्दांशी तंतोतंत जुळणाऱ्या निकृष्ट पत्त्यांची चढण आता कमी केली जाईल. अमेरिकेतील इंग्रजी शोधांपैकी शेकडा ०.६ शोधांवर त्याचा दिसण्याजोगा परिणाम होईल असे त्यांनी सांगितले. आकडा लहान वाटतो. पण ज्यांनी केवळ अशा नावांवर धंदा मांडला होता त्यांच्या गल्ल्यावर त्याचा काय परिणाम झाला असेल ह्याची कल्पना करावी. बरे, ज्यांच्या नावामागे खरे दुकान होते त्यांना त्या फर्मानात वगळले होते, हेही न्यायाला धरून सांगितले पाहिजे.

ह्याच काळात पत्त्याच्या बाह्य रूपावरही बराच काथ्याकूट झाला. पानात प्रश्नचिन्ह आणि आकड्यांच्या माळा असलेले पत्ते शोधयंत्रांना वाचता येत नाहीत अशी समजूत होती, आणि आरंभी तीत तथ्यही होते. कारण तसे पत्ते यंत्र आपोआप पाडते आणि एकाच पानाचे शेकडो पत्ते होऊन बसतात. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने सांगितले की असे पत्ते आम्हांला वाचता येतात, केवळ आमच्यासाठी ते बदलू नका. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक खूण ठरवली, तिच्या योगे अनेक पत्त्यांपैकी खरा कोणता हे पानाच्या मालकाला सांगता येऊ लागले. शब्द जोडताना आडवी रेघ द्यावी की खालची, कप्पे किती खोल असावेत, ह्यावर जाड ग्रंथ होतील एवढे लिहिले गेले. आम्ही त्यांत आपला वेळ घेणार नाही.

मग आज काय? ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने सुरक्षित पत्त्याला, म्हणजे ज्याच्या आरंभीच्या अक्षरांत शेवटी 'एस' येतो त्याला, थोडे वजन देण्याचे ठरवले. तेव्हाही ते वजन शेकडा एकाहून कमी शोधांवर परिणाम करणारे आहे असेच सांगितले. आणि २०२४ साली सुधारलेल्या त्यांच्या मार्गदर्शिकेत आता स्वच्छ लिहिले आहे की, स्थळाच्या नावात किंवा पुढच्या कप्प्यांत शब्द घातल्याने क्रमावर जवळजवळ काही परिणाम होत नाही. पानाचा मार्ग निकालात दिसतो तेवढाच काय तो उपयोग. पुढे जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या निकालांत तो मार्ग दाखवणेही त्यांनी थांबवले. तेथे आता नुसते स्थळाचे नाव दिसते. म्हणजे १९९८ साली जो शब्द खास होता तो पंचवीस-सव्वीस वर्षांत जवळजवळ बिनवजनाचा झाला.

कोणी म्हणेल, मालकाच्या शब्दावर एवढा विश्वास का? शंका रास्त आहे, आणि आम्हांला तर मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय नाही. गिरणीच्या फाटकावर सकाळी बदली कामगारांची रांग लागे आणि आत कोणी जावयाचे ते जॉबर ठरवी. त्याचा नियम तो सांगे एक आणि चालवी दुसरा. शोधयंत्र हा आजच्या फाटकावरचा जॉबरच होय. पण एका बाबतीत त्याने स्वतः काय केले ते कोर्टाच्या कागदांवरून कळते, आणि माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या खर्चाच्या वहीवर विसंबणे बरे. अमेरिकेच्या सरकारने गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यात न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी सरकारच्या बाजूने निकाल दिला. सुनावणीत बाहेर आले की, मोबाइल आणि ब्राउझर यांत पहिल्यापासून आपलेच शोधयंत्र लावलेले असावे ह्यासाठी गूगलने एकट्या २०२१ साली २६.३ अब्ज डॉलर दिले होते. जगातले सर्वांत ओळखीचे नाव आणि सर्वांत सुटसुटीत पत्ता असलेल्या कंपनीला जर दारात उभे राहावयास एवढी दस्तुरी मोजावी लागली, तर नाव चांगले असले म्हणजे गिऱ्हाईक आपोआप येते हे खरे नाही, एवढे तरी तिने आपल्या खिशातून सिद्ध केले.

तर मग पत्त्याच्या रचनेचा काहीच संबंध नाही, असे आम्ही म्हणतो काय? तसे आम्ही म्हणत नाही. संबंध आहे, पण तो शब्दांचा नाही, टिकण्याचा आहे. दुवा म्हणजे मत, असे आपण पाहिले. पण मत दिले जाते कोणाला? पानातील मजकुराला नव्हे, मालकाला नव्हे, पत्त्याला. दहा वर्षांत शंभर लोकांनी आपल्या पानाचा दुवा दिला असेल, तर ती शंभर मते त्या एका पत्त्याच्या खात्यावर जमा आहेत. उद्या पत्ता बदलला आणि जुन्या दारावर पाटी लावली नाही, तर ती सारी पत बुडाली. मजकूर तोच, माणसे तीच, पण शोधयंत्राच्या लेखी ते कालच जन्मलेले पान. बर्नर्स-ली यांचे टिपण येथे खरे ठरते, आणि गंमत अशी की, पत्त्यात शब्द घालण्याच्या हौसेने लोकांनी जे पत्ते बदलले, त्या बदलानेच त्यांचे अधिक नुकसान झाले.

एक उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. एका पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे स्थळ बरीच वर्षे चालू होते. कर्जाचा अर्ज कोठे मिळेल त्याचा पत्ता सभासदांच्या पासबुकावर छापलेला असे. संकेतस्थळे करून देणारा एक इसम संचालकांकडे आला आणि त्याने पटवले की, प्रत्येक पत्त्यात 'उत्तम', 'स्वस्त', 'तातडीचे कर्ज' असे शब्द घातले की संस्था पहिल्या पानावर येईल. पैसे दिले गेले, पत्ते बदलले गेले. पुढच्या महिन्यात सभासदांचे फोन सुरू झाले: पान सापडत नाही. गूगलमध्ये संस्था वर आली नाहीच, उलट पूर्वी जेथे होती तेथूनही दिसेनाशी झाली. आम्हांला त्यांनी सल्ल्यास बोलावले तेव्हा आम्ही त्या इसमाला एवढेच विचारले की, जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर पाठवण्याची सोय तू केली आहेस काय? ती सोय जुनी आहे. कायमच्या स्थलांतराची नोंद यंत्राला सांगण्याचा आकडा ३०१ असा ठरलेला आहे. त्याने ती केली नव्हती, आणि तिचे नावही त्याला नवीन होते. सोय केल्यावर काही आठवड्यांनी संस्था पूर्वीच्या जागी आली. 'उत्तम' आणि 'स्वस्त' अजून पत्त्यात आहेत. ते कोणाला बाधत नाहीत आणि कोणाच्या उपयोगीही पडत नाहीत.

हे एका पतसंस्थेपुरते नाही. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीज ह्या स्थळाने सामान्य माणसांना फुकट जागा दिली होती. त्याचे पत्ते शहरासारखे वसवलेले होते. आळीचे नाव, तिच्यात घरनंबर. संगणकवाल्यांची आळी, चित्रपटवाल्यांची आळी. आपल्या चाळीची आठवण व्हावी अशी ती रचना. १९९९ साली याहूने ते विकत घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये त्या लाखो खोल्या एकदम पाडल्या. सुदैवाने इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी त्यांतले पुष्कळसे उतरवून ठेवले. हार्वर्डच्या अभ्यासकांनी काही वर्षांनी तपासले, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या पत्त्यांपैकी निम्मे मूळ मजकुरापर्यंत पोचवीत नव्हते. न्यायालयाचा आधारच नाहीसा! आणि प्यू ह्या संशोधन संस्थेने २०२४ साली सांगितले की, २०१३ साली असलेल्या पानांपैकी शेकडा ३८ पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

टिकाऊ पत्त्याचे मोल आमच्या कामगारांना दुसऱ्या वाटेने कळले आहे. पूर्वी नोकरी बदलली की भविष्यनिर्वाह निधीचा नंबर बदले आणि जुन्या मालकाकडचे खाते मागे पडून राही. २०१४ साली सर्वत्र चालणारा बारा आकड्यांचा एकच नंबर सुरू झाला. मालक दहा बदला, नंबर तोच. त्या नंबरात मालकाचे नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. म्हणूनच तो टिकतो.

आणि येथेच पत्त्याच्या रचनेचा आणखी एक उपयोग सांगितला पाहिजे, जो शोधयंत्रासाठी नाही, माणसासाठी आहे. निधीचे पैसे काढावयाचे म्हणून कामगार मोबाइलवर शोध घेतो. वरच्या दोनतीन ओळी कित्येकदा जाहिरातीच्या असतात. सरकारी स्थळासारखे दिसणारे नाव पुढे येते आणि तो आपला नंबर, आधार, बँकेचे खाते त्यात भरून टाकतो. फसवणाऱ्याला पत्त्याची रचना ठाऊक असते, आपल्याला नसते. तो 'गव्ह डॉट इन' हे शब्द पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्येच घालतो आणि शेवटी स्वतःचे नाव ठेवतो. आपण डावीकडून वाचतो, 'गव्ह' दिसले की समाधान पावतो. वास्तविक मालक कोण ते पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच अलीकडे लिहिलेले असते. पाकिटावर जिल्हा शेवटी असतो तसे. तेथे 'गव्ह डॉट इन' असेल तर ते सरकारचे. दुसरे काही असेल तर आधी कितीही 'गव्ह' असोत, ते सरकारचे नाही.

आता आपल्या लिपीविषयी थोडे, कारण हा प्रश्न शेवटी कोणीतरी विचारणारच. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे देवनागरी नाव सुरू झाले. मराठी, कोंकणी, हिंदी यांसह आठ भाषांसाठी. आता स्थळाचे संपूर्ण नाव देवनागरीत घेता येते. आम्हांला त्याचा आनंद आहे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना 'कामगार' ह्या साध्या शब्दाचे तीनचार प्रकार होतात. कोणी एक 'ए' घालतो, कोणी दोन, कोणी मधल्या 'म'ला 'मा' करतो. देवनागरीत ती भानगड नाही. गूगलची सूचनाही हीच आहे की, पत्त्यात शब्द घालावयाचेच तर वाचकाच्या भाषेतले घालावे. पण आतली गोष्ट अशी की, १९८३ ची ती व्यवस्था रोमन अक्षरांसाठीच घडलेली. म्हणून देवनागरी नावाचे यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांत रूपांतर होते, त्याची रीत २००३ साली ठरली. तिरक्या रेघेनंतरच्या भागाची तऱ्हा आणखी निराळी. तेथे देवनागरीच्या एकेका चिन्हाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी टक्क्याचे चिन्ह धरून तीन खुणा लागतात. 'कामगार' ह्या शब्दात काने धरून सहा चिन्हे. त्यांच्या झाल्या चोपन्न खुणा! ब्राउझरमध्ये तो पत्ता सुबक मराठीत दिसतो, पण उतरवून निरोपात चिकटवला की कित्येकदा त्याचे हातभर शेपूट होते, आणि वाचणाऱ्याला वाटते की हे काहीतरी फसवणुकीचे आहे.

क्रमाच्या दृष्टीने देवनागरी पत्त्याला वेगळी बढती मिळते असे सांगणारे विक्रेते आता फिरू लागले आहेत. त्यांना वर सांगितलेली २०२४ ची मार्गदर्शिका दाखवावी. आमच्या संघटनेपुरते आम्ही स्थळाचे नाव मराठीत घेतले आहे, फाटकावरच्या फलकावर ते मराठीतच रंगवले आहे, आणि पुढच्या कप्प्यांत शब्द न घालता नुसते वर्ष आणि पत्रकाचा क्रमांक ठेवला आहे. फोनवर तो सांगता येतो, आणि रात्रपाळीचा माणूस तळहातावर लिहून घेऊ शकतो.